ओळंबा आणि आरसा

किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून भाचा हात उंच करून चर्चच्या भिंतीसमोर उभा होता आणि मी दहा-बारा पावलं मागे झुडपात बसकण मारून कॅमेऱ्याला डोळा लावला होता. वारा होता, त्यामुळे दोरा हलायचा थांबत नव्हता. "मामा, हात भरून आला," असं तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "अरे, दख्खनची किल्ली म्हणतात या गडाला. किल्ली धरायची तर एवढं सोसावं लागणारच." तो हसला नाही. पहाटे पाचला रावेरहून निघालो होतो आणि पोटात एका चहाखेरीज काही नव्हतं.

प्रश्न साधा होता. कॅमेऱ्यात भिंत मागे रेललेली दिसत होती. पण रेलली होती ती भिंत की माझी लेन्स? उंच इमारत पूर्ण घ्यायची म्हणून कॅमेरा जरा वर उचलला की सगळ्या उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे कलतात आणि इमारत पाठीवर पडतेय असं वाटतं. पंचवीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढतोय. मांडवाचा खांब कलला म्हणून मला कधी कुणी जाब विचारलेला नाही. नवरीची हनुवटी दुहेरी आली तर मात्र अख्खं वऱ्हाड दुकानात येतं. इथे प्रकार उलटा होता. इथे भिंतच नवरी होती, आणि ती सरळ उभी आहे की नाही हेच कुणाला तरी हवं होतं. म्हणून गवंड्यासारखा ओळंबा. फोटोत दोरा सरळ आला तर कॅमेरा खरा. मग भिंतीचा जो काही बाक दिसेल तो भिंतीचा.

हे काम माझ्याकडे आलं ते आडवळणाने. माझ्या एका वर्गमित्राची मुलगी इंग्लंडमध्ये नोकरी करते, एका खेडेगावात भाड्याने राहते. शेजारच्या बाईंनी, सत्तरी ओलांडलेल्या, तिला विचारलं की तू भारतात ज्या भागातली आहेस तिथे हा किल्ला आहे का? त्यांच्या घराण्यातला एक शिपाई एकोणिसाव्या शतकात इथे पलटणीबरोबर होता आणि त्याची लहानगी मुलगी इथेच वारली. घरच्या जुन्या बायबलच्या आतल्या पानावर गडाचं नाव आणि एक साल, एवढाच धागा. मुलीने वडिलांना फोन केला, वडिलांनी मला. बुऱ्हाणपुरापासून साधारण वीस किलोमीटर, खंडव्याच्या रस्त्याला. पाटीवर हिंदीत असीरगढ़, आमच्या तोंडी असीरगड. मी म्हटलं, एका दिवसाचं काम.

कसे फोटो हवेत ते कळावं म्हणून बाईंनी आपल्या गावाचे नऊ फोटो पाठवले होते. दगडी मनोऱ्याचं चर्च. त्याच्या भोवती हिरवळ आणि हिरवळीत वाकड्या-तिकड्या उभ्या थडग्यांच्या शिळा. आत शिरण्याआधी कौलारू छपराचं लाकडी दार, जिथे पूर्वी तिरडी टेकवत. चौकात महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा खांब. लहानसा पूल, दारूचा गुत्ता, आणि लाल टेलिफोनचं खोकं, ज्यात आता टेलिफोन नाही, पुस्तकं आहेत. मोबाइलवर काढलेले, कशात आकाश पांढरं फटक, कशात बोटाचा कोपरा. व्यावसायिक नजरेने मी ते पाहिले आणि बाजूला ठेवले. ती माझी पहिली चूक.

दुसरी चूक ऑगस्टात जाण्याची. 2024 चा श्रावण, सातपुडा हिरवागार, गडावर ढग उतरलेला. असीरगड म्हणजे पायथ्यापासून अडीचशे मीटरहून जास्त वर चढलेला कातळ, वरचा माथा साठेक एकरांचा, बाजूला तुटलेले कडे. खाली कमरगड आणि मलयगड अशा आणखी दोन तटबंद्या. तापीच्या खोऱ्यातून नर्मदेच्या खोऱ्यात जायची वाट या डोंगराच्या नजरेखालून जाते, म्हणून हा ज्याच्या हाती त्याच्या हाती दख्खनचं दार. त्या दिवशी मात्र खालची वाटही दिसत नव्हती आणि खोरंही. तिवई लावली तसा पहारेकरी आला. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात हातातला कॅमेरा चालतो. तिवईला परवानगी लागते. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही, पण गडावर कोण बघतंय असं मनात म्हणून निघालो होतो. त्याने शांतपणे सांगितलं, "भाईसाब, हमारी नौकरी है." तिवई मिटवली. गाडीत घरी न्यायचे पाच किलो तांदूळ होते. ती पिशवी दगडावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा रुतवला आणि दिवस काढला. तांदळासारखी तिवई नाही, हे तेव्हा कळलं.

फोटो सुरेख आले होते, खोटं कशाला बोलू. छप्पर उडालेलं चर्च, त्यात भरलेलं धुकं, भिंतीच्या फटीतून निघालेली पिंपळाची पानं थेंबांनी लवलेली. वेफर्सच्या पुड्या, भिंतीवर बदामात कोरलेली नावं, शेळ्या, सगळं मी चौकटीबाहेर ठेवलं. जे ठेवता आलं नाही ते घरी बसून पुसलं. चाळीस फोटो पाठवले.

उत्तर आलं, फार सुंदर आहेत, आभार. आणि मग प्रश्न. चर्च किती उंच आहे? दरवाज्यातून आत आलं की ते कुठल्या हाताला? कब्रस्तान तिथून दिसतं का? तुम्ही उभे होता तिथे तुमच्या पाठीमागे काय होतं?

शेवटच्या प्रश्नाचा मला राग आला. पाठीमागे काय होतं ते कशाला हवंय? पुढे जे आहे तेच तर फोटो म्हणून पाठवलंय. रागाच्या भरात त्यांचेच नऊ फोटो पुन्हा उघडले, आणि तेव्हा दिसलं. गुत्त्याच्या फोटोत गुत्त्याच्या छपरावर चर्चचा मनोरा डोकावतो. पुलाच्या फोटोत डावीकडे तो गुत्ता आहे. खांबाच्या फोटोत मागे ते लाल खोकं. प्रत्येक फोटोने पुढच्याचा पदर धरलेला. नऊ फोटो जमिनीवर मांडले तर त्या गावातून मी चालत जाऊ शकत होतो. माझे चाळीस फोटो मांडले असते तर माणूस चाळीस ठिकाणी धुक्यात उभा राहिला असता.

म्हणून जानेवारी 2025. परवानगीचा कागद, मोजपट्टी, ओळंब्याचा दोरा, बायकोच्या टेबलावरचा हातआरसा आणि भाचा. ठरवलं की दरवाज्यापासून सुरू करायचं, पायीच फिरायचं, आणि प्रत्येक चौकटीत आधीच्या चौकटीतलं काहीतरी असायलाच हवं. बाईंकडे चर्चचा मनोरा होता, माझ्याकडे मशिदीचे दोन मिनार होते. फारुकी सुलतानांची ही जामा मशीद माथ्यावर आहे आणि तिचे मिनार खालच्या रस्त्यावरूनही ओळखू येतात. वर कुठेही हरवलो की मान फिरवून मिनार शोधायचे.

असं बांधून घेतलं की एक अडचण होते: एकट्या चर्चचा फोटो काढताच येत नाही. दरवाज्यापाशी फारसी लेख आहेत, कारण 1601 च्या जानेवारीत अकबराने लांबलचक वेढ्यानंतर हा गड फारुकींकडून घेतला. मशिदीच्या पुढे महादेवाचं देऊळ, जिथे अश्वत्थामा रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो म्हणतात. पहारेकऱ्याने तेही सांगितलं, अगदी पाणीपुरवठ्याची वेळ सांगावी तसं. यूट्यूबवाले येतात ते अश्वत्थाम्यासाठी. रात्री थांबायला मिळेल का विचारतात. चर्चकडे त्यातला कुणी वळत नाही. तिथे कुणी भेटण्याची शक्यता नाही ना! पुढे तळं, त्याचं नाव मामा-भांजा तालाब. तिथे आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भाच्याने मोबाइलवर आमचा सेल्फी घेतला. तो फोटो बाईंना पाठवलेल्यांत नाही, पण त्या दिवसातला तोच एक फोटो घरच्यांनी आवडीने पाहिला.

गड शिंद्यांकडे होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. असईची लढाई 23 सप्टेंबर 1803 ची. महिन्याभरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि पाठोपाठ 21 ऑक्टोबरला असीरगड घेतला. वर्षअखेरीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात तो शिंद्यांना परत मिळाला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले पळत आले ते इथे आश्रयाला. 1819 च्या एप्रिलात किल्लेदार यशवंतराव लाड यांनी डव्हटन आणि माल्कमच्या तोफांपुढे गड दिला. पेशवाई बुडाल्यावरही शनिवारवाड्यापासून इतक्या दूर एक मराठी किल्लेदार वर्षभराने लढत होता! त्यानंतर इंग्रजांची शिबंदी जवळजवळ त्या शतकभर इथे राहिली. बराकी आल्या, चर्च आलं, कब्रस्तान आलं. संबळपूरचे सुरेंद्र साय याच गडावर कैदेत होते आणि 1884 साली इथेच वारले. त्यांचा फोटो मी कुठे काढणार? बराकींच्या ओसाड भिंती घेतल्या आणि खाली टिपेत त्यांचं नाव लिहून पाठवलं.

चर्चपाशी मात्र दिवसातले चार तास गेले, आणि त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण अशा खोलीत मी आधी कधी काम केलं नव्हतं. फोटोग्राफर बंद इमारतीत शिरला की आधी खिडकी शोधतो. उजेड खिडकीतून येतो, भिंती अंधारात असतात, आणि सगळी कसरत त्या दोघांना एका फोटोत बसवण्याची असते. छप्पर नसलेल्या चर्चमध्ये खिडकीला कामच उरत नाही. उजेड वरून येतो, सगळीकडे सारखा. आतली भिंत आणि बाहेरचं रान एकाच उजेडात. खिडकी म्हणजे नुसतं भोक, ज्यातून पलीकडची वाळकी झुडपं दिसतात. पहिला तासभर जे काढलं ते सगळं सपाट, वर्तमानपत्रातल्या चित्रासारखं. मग ऊन कलायला लागलं आणि एका भिंतीची सावली समोरच्या भिंतीवर चढू लागली. मी मोबाइलवर घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला. सावलीला भिंतीची कड जशीच्या तशी: वरचे पडके दात, मधला खळगा, टोकाला उगवलेलं झाड. गेलेली भिंत किती गेलीय ते समोरच्या भिंतीवर उमटत होतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भाच्याच्या लक्षात आधी आलं, खरं म्हणजे. तो कंटाळून सावलीच्या कडेला दगड मांडत बसला होता.

ओळंब्याचा फोटो निघाला शेवटी. वारा अर्धा मिनिट पडला. दोऱ्याच्या शेजारी भिंत मधोमध किंचित पोट काढून उभी दिसते. किंचित म्हणजे किती? दोऱ्यापासूनचं अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहिलं, तारीख टाकली आणि तो कागदही भिंतीला टेकवून फोटोत घेतला. वीस वर्षांनी कुणी तिथेच उभा राहून पुन्हा ओळंबा धरला, तर पोट वाढलं की नाही ते त्याला कळेल. लग्नाच्या अल्बमकडे या कामासाठी कुणी येत नाही. बदामातली नावं या वेळी राहू दिली. शेळ्याही राहू दिल्या. एक शेळी नेमकी वेदीच्या जागी उभी होती आणि हाकलून जात नव्हती. तिची उंची घरगुती माप म्हणून कामी आली.

कब्रस्तानात आरसा. ही युक्ती जुनी आहे, शिलालेख वाचणाऱ्यांना ठाऊक असते. झिजलेल्या दगडावर समोरून ऊन किंवा फ्लॅश पडला की अक्षरं नाहीशी होतात, कारण खोबणीत सावली पडतच नाही. उजेड दगडाच्या अंगाला घासून, अगदी बाजूने, गेला पाहिजे. म्हणून दगड सावलीत ठेवायचा, दूर उन्हात एकाने आरसा धरायचा आणि कवडसा दगडावरून आडवा सरकवायचा. खडूने अक्षरं भरणारे असतात. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं, खडू दगडात राहतो. बहुतेक चौथरे चुन्या-विटांचे, आणि जिथे पाटी असायची तिथे रिकामा चौकोन. संगमरवराची फरशी ही पोळी लाटायला किंवा मसाला वाटायला छान असते, एवढंच म्हणतो. दगड होते तिथेही बरंच गेलेलं. भाचा आरसा हलवत होता, मी ओणवा. कवडसा एका कोनात आला आणि गुळगुळीत वाटणाऱ्या पाषाणावर दोन आकडे उठले: 1 आणि 8. पुढचे दोन गेले होते. इथे पुरलेला जवळपास प्रत्येक जण अठराशे काहीतरीचाच. ते आरशाशिवायही सांगता आलं असतं. तरी आम्ही दोघं काही तरी सापडल्यासारखे एकमेकांकडे बघून हसलो.

मुलीचं नाव सापडलं नाही. छोटे चौथरे मात्र बरेच होते. त्यातला एकेक मोजून, पट्टी शेजारी ठेवून काढला. एकाची लांबी माझ्या हाताएवढी भरली. भाचा तोवर बडबडत होता, तिथे गप्प झाला.

फोटो गेले. या वेळी उत्तरात प्रश्न नव्हते. बाईंनी ते कागदावर छापून घेतले, जेवणाच्या टेबलावर क्रमाने मांडले आणि बोट फिरवत दरवाज्यापासून कब्रस्तानापर्यंत गेल्या, असं वर्गमित्राच्या मुलीने सांगितलं. नंतर त्यांनी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली नोंदवही धुंडाळली. इंडिया ऑफिसच्या दप्तरात बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला आहेत. हिंदुस्थानातल्या प्रांतोप्रांतीच्या पाद्रींकडून त्या विलायतेला जात. अडचण नावाची. असीर, आसीरघर, असीरघूर, प्रत्येक कारकुनाचा कान वेगळा. 1803 च्या वेढ्यात लढलेल्यांपैकी जे जिवंत राहिले होते त्यांना कंपनीने 1851 साली पदक दिलं. त्याच्या पट्टीवरही गडाचं नाव आहे, तेही त्यांच्या कानाने ऐकलेलं. आपण हसतो, पण आपल्या पाटीवर तरी एकच नाव कुठे आहे? हिंदी, मराठी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचं नुसतं 'असीर'.

मार्चमध्ये गडाचं नाव एकाएकी सगळीकडे झालं. 'छावा' सिनेमा लागला होता, आणि पायथ्याच्या शेतात रात्री टॉर्च घेऊन माणसं माती उकरतायत असे व्हिडिओ फिरू लागले. मोगलांच्या मोहरा निघतात म्हणे. महामार्गाच्या कामातली माती त्या शेतात पडली होती. मी गेलो नाही. मित्रांनी मात्र विचारलं, तू एवढा गडावर जातोस, तुला काय सापडलं? मी म्हटलं, एक आणि आठ.

बाईंचा पुढचा संदेश एप्रिलात आला. घरात बसून कंटाळा आला म्हणून त्या आपल्याच गावच्या चर्चमध्ये गेल्या होत्या, जिथे त्या पन्नास वर्षं दर रविवारी जातात. मागच्या बाकाच्या वर, भिंतीत, एक काळपट पाटी आहे. त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या. पाटीवर गडाचं नाव असावं असं त्यांना वाटत होतं, असीरघूर की काय. फोटो जोडला होता. मोबाइलचा फ्लॅश बरोबर पाटीच्या मध्यावर पेटलेला, पांढरा गोळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर.

मी मुलीकरवी निरोप पाठवला. फ्लॅश बंद करा. दुपारी जा, दारातून ऊन येत असेल तेव्हा. घरचा आरसा घेऊन जा आणि कुणाला तरी दारात उभं करा.

दहा दिवसांनी दुसरा फोटो आला. पाटी वाचता येत होती, गडाच्या नावासकट. फोटोच्या उजव्या कडेला आरसा धरलेला एक सुरकुतलेला हात आला होता, बहुधा त्यांच्या यजमानांचा. त्या कडेने तो कापता आला असता. त्यांनी कापला नव्हता.